शहाताच्या कानशीखालचा सूर

परवा रेडिओवर एक शिकलेला माणूस बोलत होता. म्हणे, उस्ताद हिलाल अल-बहनसावी यांनी आपल्या त्या गाजलेल्या गाण्यात एक स्वर मुद्दाम केसभर खाली ठेवला, आणि त्यामागे दहा वर्षांचा अभ्यास होता. मी शिलाई मशीनवर होते, पाय जागीच थांबला. शहाता समोर बसून चहा फुंकत होता. मी म्हटलं, "ऐकलंस का? दहा वर्षांचा अभ्यास."

"असेल," तो म्हणाला. "मोठ्या माणसांचं आपल्याला काय कळतं."

हा असा. कुणी याची वस्तू डोळ्यांदेखत उचलून नेली, तर हा दार उघडून धरेल आणि वर 'पायरी जपून' म्हणेल. अभ्यास कसला डोंबलाचा. दोन दिवसांचं काम होतं, तेही चुकलेलं. तो सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

मी नबविया. कैरोत मुहम्मद अली रस्त्याच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं दुकान आहे. पुढच्या खोलीत माझा धाकटा भाऊ शहाता अकॉर्डियन दुरुस्त करतो, मध्ये एक पडदा, आणि मागच्या खोलीत मी नाचणाऱ्या बायकांचे मण्या-टिकल्यांचे पोशाख शिवते. बायका माझ्याकडे येतात, वाजवणारे त्याच्याकडे. गल्लीत दिवसभर गोंगाट असतो, आणि त्या गोंगाटाखेरीज आम्हाला करमत नाही.

शहाता म्हणजे भीक मागून आणलेला. त्याच्या आधीचे दोघे भाऊ पाळण्यातच गेले. हा झाला तेव्हा आईनं सात घरांतून चिंध्या मागून आणल्या, त्यांचं अंगडं शिवलं आणि हे नाव ठेवलं. मरणाला वाटावं, हे भिकेतलं पोर, याला नेऊन काय मिळणार. युक्ती चालली, हा वाचला. मरणानं मग आईला नेलं. शहाता चार वर्षांचा होता, मी अकराची. वडील कैरोत एका मोठ्या इमारतीचे दरवान होते, ते आम्हाला कुठे ठेवणार? गिर्ग्याजवळच्या आमच्या गावात आईची बहीण होती, खाला रतीबा. तिनं आम्हाला घेतलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. नाईलचं पाणी चढलं की ती शहाताला पाठीवर बांधून पलीकडच्या शेतात जायची, आणि मी तिचा पदर धरून मागे. सहा वर्षं तिनं आम्हाला सांभाळलं, मग वडिलांनी कैरोला बोलावून घेतलं.

कैरोत आम्ही सईदी, म्हणजे दक्षिणेकडचे गावंढळ. आमच्यावर विनोद करणं हा या शहराचा जुना उद्योग आहे. शहाता ज्या कारागिराकडे कामाला लागला तो ख्वाजा वाहान, म्हणजे परदेशी वाहानसाहेब, आर्मेनियन होता, त्याच्यावरही लोक विनोद करायचे, त्यामुळे दोघांचं जमलं. दुकान तेव्हा त्याचं होतं, मागची खोली त्यानं मला शिवायला दिली होती. त्याच्याकडे इटलीहून अकॉर्डियन यायचे. पण परदेशी पेटीत आमचं गाणं मावत नाही. आमच्यात सीका नावाचा स्वर आहे, तो काळ्या पट्टीत नाही आणि पांढऱ्या पट्टीतही नाही, दोघींच्या मधल्या फटीत राहतो. तो नसेल तर लग्नातलं गाणं दवाखान्यातल्यासारखं वाटतं. म्हणून पेटी उघडायची, आतली पोलादी जीभ कानशीनं घासायची. टोकाला घासली की स्वर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. भाता उघडताना एक जीभ वाजते, मिटताना दुसरी, दोघी सारख्या यायला हव्यात. एक फटका जास्त पडला की जीभ मेली. ख्वाजाचा हात सोन्याचा होता, पण तो मोजून घासायचा, आणि मोजून घासलेली सीका म्हणजे तोळ्यावर मीठ मोजून केलेला रस्सा. शहाता मोजत नसे. त्याची सीका ऐकली की माणसं मान हलवायची. ख्वाजा म्हातारपणी मुलीकडे निघून गेला तेव्हा दुकान आणि हत्यारं याला देऊन गेला.

याची एकच खोड. काम चालू असताना मी गप्प बसले की पडद्याआडून हाक यायची, "उख्ती, झोपलीस का? काहीतरी गुणगुण." उख्ती म्हणजे बहिणाबाई. मला वाटायचं, एकट्याला करमत नाही. मी मणी ओवताना काहीबाही गुणगुणायचेच, लग्नातली गाणी, खालेची दळणातली गाणी. आवाज माझा असा की मांजर उठून जाईल. तरी याला हवा. लग्नही केलं नाही यानं. विचारलं तर म्हणायचा, "घरात एक बोलणारी आहे, दुसरी आणून कान कुठे ठेवू?"

आता उस्ताद हिलालबद्दल. तोही आमच्याच रस्त्यावरचा. सोळा-सतराचा असताना आला, अंगात एक सदरा, हातात एक ऊद, आमच्याकडचं तारांचं वाद्य. वाजवणाऱ्यांच्या कॉफीच्या दुकानात दिवसभर बसायचा, कुठल्या लग्नाचं बोलावणं येतंय याची वाट बघत. नाचणाऱ्या बायकांच्या मागे बसून वाजवलंय त्यानं. त्याच्या कोटाचं बटण मी लावून दिलंय, दोनदा. पुढे चाली बांधायला लागला. चाल याची, गाणार दुसरा, टाळ्या तिसऱ्याला. मग एका लग्नात गाणाऱ्याचा घसा बसला आणि हा नाइलाजानं स्वतः गायला. नवरीचा बाप त्याला उठू देईना. तिथून जो निघाला तो थांबला नाही. रेडिओ, सात सिनेमे, दमास्कसपासून कासाब्लांकापर्यंत नाव. अर्ध्या शहरानं त्याच्यासारख्या मिशा ठेवल्या, ज्यांना शोभत नव्हत्या त्यांनीसुद्धा.

मासिकांत छापून यायचं, वडील कुराण शिकवणारे शेख, आई धार्मिक वृत्तीची गृहिणी. आईबद्दल त्यापुढे एक अक्षर नाही. आम्हाला तरी कुठे पडली होती.

मग त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. तीन वर्षं तो गप्प. वर्तमानपत्रांनी 'बहनसावी संपला' असं दोनदा छापलं, एकदा तर फोटोला काळी चौकट घालायचीच बाकी होती. आणि मग बातमी आली की उस्ताद नवं गाणं करतोय, स्वतःची चाल, स्वतःचा आवाज, आणि गाण्याची सुरुवात अकॉर्डियननं. रेडिओवाल्यांनी नाकं मुरडली. लग्नातली पेटी, तिला बड्या वाद्यांत कशाला बसवायचं? उस्ताद म्हणाला, "ती बसणार नसेल तर मीही बसत नाही."

पेटी वाजवणारा होता आमचा फतूह, आमच्याच गल्लीतला, तोंडाचा फाटका पण मनाचा चांगला. एका गुरुवारी तो इटलीची नवीकोरी पेटी घेऊन आला. "अम्म शहाता," तो म्हणाला. वयानं मोठ्या कारागिराला आमच्याकडे अम्म म्हणतात, काका. "पुढच्या गुरुवारी सकाळी रेकॉर्डिंग. बुधवारी तालीम. मी उस्तादांना शब्द दिलाय की कैरोत सीका घासावी तर एका माणसानं. तो नेमका सईदी निघाला, त्याला माझा इलाज नाही."

शहाता हसला नाही. त्यानं हात धुतले, मग पेटीला हात लावला. तीस वर्षं त्यानं लग्नांसाठी पेट्या घासल्या होत्या. ज्या पेटीचा आवाज रेडिओवर जाईल अशी पहिलीच त्याच्या मांडीवर आली होती. आणि या रस्त्याचा नियम मला माहीत होता. शंभर पेट्या चांगल्या केल्यात तर कुणी नाव घेत नाही, एक मोठी बिघडवलीत तर पोरंसोरंसुद्धा नाव घेतात.

शुक्रवारी दुपारी गावाहून तार आली. रतीबा गेली, लवकर या.

मी गाठोडं बांधायला घेतलं. शहाता जागचा हलेना.

"उठ की," मी म्हटलं. "संध्याकाळची गाडी गाठायची आहे."

"उख्ती, मला नाही येता येणार. जाऊन-येऊन चार दिवस. बुधवारी तालीम आहे."

"खालेनं तुला पाठीवर बांधून नदी ओलांडलीय, आणि तुला ही पेटी सोडवत नाही?"

"तीस वर्षं वाट बघितलीय मी."

"बस मग तिला कवटाळून," मी म्हटलं. "तू मेलास की तिलाच सांग रडायला."

बोलले मी असं. तोंडातून गेलं ते गेलं. तो माझं गाठोडं उचलून स्टेशनपर्यंत आला आणि गाडी हलेपर्यंत उभा राहिला. मी खिडकीतून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गावात आम्ही बायका दोन दिवस अंगणात बसलो. आमच्याकडे मयताची गाणी असतात. एक बाई उचलते, बाकीच्या ओढतात. खालेच्या तोंडची गाणी ती, तिच्याचसाठी म्हणायची वेळ आली. मरायच्या दोन दिवस आधी तिनं भाकरी केल्या होत्या, उन्हात फुगवून भाजतात तशा जाडजूड. शेवटच्या चार उरल्या होत्या. चुलत भावजयीनं त्या माझ्या गाठोड्यात घातल्या. म्हणाली, "दोन तुझ्या, दोन शहाताच्या."

सोमवारी सकाळी कैरोला उतरले. आमच्यात रीत आहे, ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला भेटताच म्हणायचं, 'गेलेल्याचं उरलेलं आयुष्य तुला लागो.' त्यावर तो म्हणतो, 'तुझंही आयुष्य राहो.' एवढंच. पण हे दोन शब्द बोलल्याखेरीज पुढचं बोलणं होत नाही. वाणी बोलला, चहावाला बोलला. फतूह, जो कधी गंभीर होत नाही, तोही टोपी काढून बोलला. मी दुकानात शिरले. शहातानं मान वर केली आणि विचारलं, "गाडीला गर्दी होती का?"

माझं डोकंच फिरलं. मी भाकरीचं गाठोडं खुंटीला लटकावलं, पडदा ओढला आणि मशीनवर बसले. ठरवूनच टाकलं, याच्याशी बोलायचं नाही आणि ती भाकरी याला द्यायची नाही. तिकडे पेटी उघडी पडली होती. या तीन दिवसांत त्यानं सगळं केलं होतं, मेण, चामडं, भात्याचे कोपरे, फक्त सीकेला हात लावला नव्हता.

तासाभरानं पडद्याआडून हाक आली, "उख्ती, काहीतरी गुणगुण ना."

निर्लज्ज, मी मनात म्हटलं. पण हात मण्यांवर चालायला लागले आणि तोंड आपोआप सुरू झालं. दुसरं काय येणार? दोन दिवस जे ओढलं होतं तेच. ओठ मिटलेले, शब्द नाहीत, नुसती चाल. शब्द दुकानात म्हणायचे नसतात, मयताचे शब्द उगाच उच्चारले तर मरणाला पत्ता सापडतो. सोमवारभर आणि मंगळवारभर मी तेच घोळवत होते, रागानंही आणि दुःखानंही. पडद्यापलीकडे कानस चालू होती. मंगळवारी दिवेलागणीला कानस थांबली.

बुधवारी सकाळी फतूह पेटी घेऊन गेला. दुपारी परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मी सुई खाली ठेवली.

"अम्म शहाता," तो म्हणाला, "काय केलंस हे? सीका खाली आहे."

"नाही," शहाता म्हणाला.

"अरे खाली आहे. सिदकी एफेंदींच्या कानूनशी जुळत नाही." कानून म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं तारांचं वाद्य, त्यावरूनच बाकीचे आपली वाद्यं मिळवतात, आणि सिदकी एफेंदी, म्हणजे सिदकीसाहेब, नाकावर माशी बसू न देणारा माणूस. "एफेंदी सगळ्यांसमोर म्हणाले, ही पेटी कुणा सईदी हजामानं घासली का. मी कुठे तोंड लपवू?"

"आणि उस्ताद?" शहातानं विचारलं.

"उस्ताद एक शब्द बोलले नाहीत. उठून आतल्या खोलीत गेले. तेच तर वाईट. ओरडले असते तर परवडलं असतं."

शहातानं पेटी मांडीवर घेतली, भाता उघडला, मिटला. मग समोरच्या दुकानातून कानून मागवला आणि ताडून पाहिलं. खरंच खाली होती. केसभर, पण सगळीकडे सारखीच, उघडताना आणि मिटताना, वरच्या सप्तकात आणि खालच्या. हात चुकलेला नव्हता, मुळातच दुसऱ्या जागी बसवलेली सीका होती. मग त्यानं पडद्याकडे, माझ्याकडे पाहिलं.

"उख्ती, तू सोमवारपासून काय गुणगुणत होतीस?"

"माझं तोंड, मी काहीही गुणगुणेन."

"मयताचं का?"

मी मण्यांची वाटी बाजूला सरकवली.

"मी तुझ्यावरून घासतो," तो म्हणाला. "पहिल्या पेटीपासून. तुझ्या तोंडून सीका आली की माझा हात तिथे थांबतो. कानूनवरून कधी घासलीच नाही. मयताच्या गाण्यात ती खाली बसते, उख्ती. मला कळायला हवं होतं."

तीस वर्षं. आणि मला वाटत होतं, याला करमत नाही म्हणून. त्याच्या आयुष्यातलं एकमेव मोठं काम, आणि ते मी माझ्या रागानं बिघडवलं होतं.

"मग चढव ना परत," मी म्हटलं. शुक्रवारपासून त्याच्याशी सरळ बोललेलं हे पहिलं वाक्य. "टोकाला घास."

"जिभा आता पातळ झाल्यात. आणखी एक हात फिरवला तर मरतील. नव्या जिभा इटलीहून येतात."

फतूह कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसला. शहातानं कानस उचलली, खाली ठेवली, परत उचलली. शेवटी म्हणाला, "उस्तादांना जाऊन सांगतो, चूक माझी आहे. फतूहला बोल नको."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मीही येते."

जावं लागलंच नाही. दुपारची नमाज होऊन ऊन कलत होतं, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली. आमच्या गल्लीत मोटार येत नाही, म्हणून उस्ताद चालत आला. दहा वर्षांनी त्याला जवळून पाहत होते. गळ्याला मफलर, मिशा पांढऱ्या, आणि बारीक झालेला. कॉफीवाला, वाणी, समोरचे ऊदवाले, सगळे आपापल्या दारात उभे राहिले, पण हाक मारायची कुणाची छाती झाली नाही. तो आमच्या दुकानात शिरला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला.

"पेटी कुणी घासली?"

"मी," शहाता म्हणाला.

"उस्ताद, ऐकून घ्या," मी पुढे झाले, "याचा दोष नाही, मी..."

त्यानं तळहात वर केला. मग फतूहला म्हणाला, "तेवढा एक स्वर धर."

फतूहनं धरला. भाता हळूहळू उघडला, मग मिटला. उस्तादानं डोळे मिटले होते. परत एकदा, अशी त्यानं बोटानं खूण केली. शहाता कानस हातात घेऊन उभा होता, शाळेत मार खायला उभं राहतात तसा. भाता तिसऱ्यांदा मिटला आणि उस्तादानं डोळे उघडले.

"तुमच्या घरी कोण गेलं?" त्यानं विचारलं.

मी फतूहकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "मी नाही सांगितलं, अल्लाची शपथ."

"खाला," शहाता म्हणाला. "आमची खाला गेली. मला जाता आलं नाही, उस्ताद. मी इथे बसून ही पेटी घासत होतो." आणि माझा पंचेचाळीस वर्षांचा भाऊ खाली फरशीवर बसला आणि हमसून हमसून रडला. तार आल्यापासून त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

उस्तादानं त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "माझी आई मयताच्या घरी रडायला जायची. गव्हाच्या मापावर. मासिकांना मी हे सांगत नाही. ही सीका मी तिच्या तोंडून ऐकली, आणि कैरोत आल्यावर परत कधी ऐकली नाही. इथे सगळे तिच्या जरा वर गातात. मीही वर गायला शिकलो. नाहीतर उभं कुणी केलं असतं?" त्यानं मफलरवर हात ठेवला. "ऑपरेशन झाल्यापासून ती वरची जागा पकडायला जातो आणि रोज घसरतो. आज सकाळी फतूहनं भाता उघडला आणि माझा गळा आपला आपण जाऊन तिथे बसला. एफेंदी ओरडत होते. मी आत गेलो, कारण माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता."

"पण ती चूक आहे, उस्ताद," शहाता डोळे पुसत म्हणाला. असा हा माणूस. सुटका दारात उभी आहे, आणि हा तिला जातपात विचारतोय.

"माहीत आहे. दुरुस्त करू नकोस."

"आणि सिदकी एफेंदी?" फतूहनं विचारलं.

"त्यांच्या कानूनला स्वर वरखाली करायच्या इतक्या कळा कशाला दिल्यात? उद्या सगळे पेटीवरून मिळवतील."

"उद्या मला त्यांच्याच शेजारी बसायचं आहे," फतूह म्हणाला. "माझ्या घरच्यांना सांगून ठेवा."

उस्ताद पहिल्यांदा हसला. उठला, माझ्याकडे वळला. "गुणगुणत तुम्ही होतात ना? गा असं म्हणणार नाही. घरात मरण बोलवू नये." मग आम्हा दोघांकडे पाहून म्हणाला, "तिचं उरलेलं आयुष्य तुम्हा दोघांना लागो." आणि आला तसा चालत गेला.

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. गाणं रेडिओवर लागलं आणि सहा महिने गल्लीत दुसरं काही ऐकू येईना. लोक पेट्या घेऊन येऊ लागले, 'उस्तादांची सीका लावून द्या.' शहाता म्हणायचा, ती होत नाही. एकजण हट्टालाच पेटला, दुप्पट देतो म्हणाला, तेव्हा मी पडद्याआडून विचारलं, "तेवढ्यासाठी आता कुणाला मारू?" तो गेला तो परत आला नाही. आमच्याकडची सीका पूर्वीच्याच जागी आहे, आणि मी अजून गुणगुणते. फक्त आता मला ठाऊक आहे कशासाठी, म्हणून आधी घसा खाकरून घेते. शहाता म्हणतो, पूर्वी बरं गायचीस.

पण मला गाण्यापेक्षा ती बुधवारची संध्याकाळ जास्त आठवते. उस्ताद गेला, फतूह पेटी छातीशी धरून गेला, दारातली माणसं पांगली. शहाता अजून फरशीवरच होता. माझ्या मनात एकच घोळत होतं. उस्ताद 'तुम्हा दोघांना' म्हणाला. गल्लीतले सगळे मला ते शब्द बोलून गेले होते, पण शहाताला कुणीच बोललं नव्हतं. हा गावी गेला नाही, रोजच्यासारखा कामावर बसला, म्हणून जणू याची कुणी मेलीच नव्हती. आणि मीही त्याला बोलले नव्हते. मी तर याच्याकडून त्या शब्दांची वाट बघत फुगून बसले होते.

"सोमवारी का नाही बोललास?" मी विचारलं. "गाडीला गर्दी होती का म्हणे."

"बोललो असतो तर हात थरथरला असता," तो म्हणाला. "मग एकही जीभ वाचली नसती."

तो उठून माझ्यासमोर आला. "तिचं उरलेलं आयुष्य तुला लागो, उख्ती."

"तुझंही आयुष्य राहो," मी म्हटलं. "आणि तिचं उरलेलं तुलाही लागो, शहाता."

मी खुंटीवरचं गाठोडं काढलं. भाकरी पार कडक झाल्या होत्या. मी मोलुखियाच्या पाल्याचा रस्सा गरम केला, एक भाकरी मोडून त्यात भिजत घातली आणि ताट मध्ये ठेवलं. शहातानं पहिला घास माझ्या हातावर ठेवला, खाला ठेवायची तसा. सोमवारपासून मला पहिल्यांदाच भूक लागली होती. दोन त्याच्या, दोन माझ्या, अशा चारही भाकरी आम्ही त्या संध्याकाळी संपवल्या.